आधी शटर ठरवा: दिवेलागणीनंतर हातात कॅमेरा धरून शार्प फोटो

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी तपासणी विभागात काम करतो. ड्युटी सकाळी आठची. साडेचारला सुटून, घरी चहा घेऊन कॅमेरा खांद्याला लावेपर्यंत सहा वाजतात, आणि नोव्हेंबरात तेवढ्यात रंकाळ्यावर दिवस मावळलेला असतो. सुट्टीच्या दिवशी निघायचं ते पहाटे, तालमीत नाहीतर गुऱ्हाळावर. त्यामुळं गेली अकरा वर्षं मी फोटो काढतोय ते पणतीच्या, बल्बच्या, चुलवाणाच्या आणि रस्त्यावरच्या खांबांच्या उजेडात. आणि जवळजवळ सगळे हातात कॅमेरा धरून, कारण या जागा ट्रायपॉडच्या नाहीत. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पाय ठेवायला जागा नसते. तालमीत हौद्याच्या कडेला तीन लोखंडी पाय मांडले तर ते घाम गाळणाऱ्या पोरांच्या वाटेत येतात. गुऱ्हाळावर काहिलीभोवती माणसं सारखी फिरत असतात, आणि आत उकळता पाक असतो.

माझ्याकडं साधा, क्रॉप (म्हणजे आकारानं लहान) सेन्सरचा, चोवीस मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर पैसे साठवून घेतलेली ५० एमएम एफ/१.८. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि उजेड जास्त. पुढं जे सांगतोय ते एवढ्या सामानात होतं.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण बाकीचं तिच्यामागून येतं. समोर जे घडतंय त्याला किती शटर लागेल ते पहिल्यांदा ठरवायचं. शटर म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा तो सेकंदाचा भाग; १/८ संथ, १/५०० जलद. मग तेवढ्या शटरला पुरेल इतका उजेड लेन्समधून, आयएसओमधून (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) आणि आपण उभं राहतो त्या जागेमधून गोळा करायचा. मी सुरुवातीला हे उलटं करत होतो. आयएसओ आधी बांधून टाकायचो आणि शटर जे उरेल ते घ्यायचो.

काकांचे साठ फोटो

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरले काका गुळव्या होते. रसावरची मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, काहील कधी उतरवायची हे सगळं गुळव्याच्या नजरेवर चालतं. २०१४ च्या डिसेंबरात नवा कॅमेरा घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. ज्या दुकानातून कॅमेरा घेतला तिथं मला बजावून सांगितलं होतं की आयएसओ ८०० च्या वर नेऊ नका, फोटोत दाणे, म्हणजे बारीक ठिपके येतात. मी ते घट्ट धरून ठेवलं होतं.

पहाटेचे पाच. छपराखाली एक पिवळा बल्ब आणि खाली चुलवाणाचा जाळ. लेन्स ५५ वर, एफ/५.६, आयएसओ ८००. कॅमेऱ्यानं शटर दिलं १/८. काका लांब दांड्यानं पाक ढवळत होते, मी फोटो काढत होतो. मागच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो छान दिसत होते. घरी येऊन संगणकावर मोठे केले तेव्हा साठातले एकोणसाठ हललेले निघाले. काकांच्या चेहऱ्याच्या जागी पिवळा फराटा.

एक फोटो तेवढा शार्प होता. त्यात काकांनी पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी वळली होती आणि ती चिमटीत धरून बल्बाकडं बघत होते. गोळी जमली का नाही हे बघायला माणूस थांबतोच. तेवढा अर्धा सेकंद काका थांबले होते, आणि मी वाफेपासून बाजूला होऊन छपराच्या मेढीला पाठ टेकली होती. बास, एवढ्यावर तो फोटो आला.

पुढच्या हंगामाआधी काका गेले. काहिलीवरचा त्यांचा तेवढा एकच फोटो घरात आहे. फोटोतल्या दाण्यांची भीती मला त्यानंतर कधी वाटली नाही. दाणे असलेला चेहरा ओळखता येतो. हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरनं मागं आणता येत नाही.

कशामुळं बिघडलाय ते ओळखा

फोटो अस्पष्ट आला की बहुतेक जण सरसकट "हलला" म्हणतात. पण त्याची तीन वेगळी कारणं असतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. फोटोतलं सगळंच, भिंतसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं किंवा दुहेरी दिसत असेल तर तुमचा हात हललाय. भिंत स्वच्छ आहे आणि माणूसच फराटलाय, तर माणूस हललाय आणि शटर त्याला पुरलं नाही. माणूस मऊ आहे, पण त्याच्यामागची खुंटी किंवा पुढची कळशी कशी रेखीव दिसतेय, तर फोकस चुकलाय.

पहिले दोन-तीन महिने दर वेळी घरी आल्यावर ही वर्गवारी करा. माझ्या लक्षात आलं की माझे निम्मे फोटो माणूस हलल्यामुळं जात होते, आणि मी मात्र हात स्थिर करायच्या मागं लागलो होतो.

कशाला किती शटर

हाताच्या थरथरीसाठी जुना हिशेब आजही कामाचा आहे. लेन्स जितक्या एमएमची, शटर सेकंदाच्या तितकाव्या भागाचं किंवा त्याहून जलद. क्रॉप सेन्सर असेल तर आकडा दीडपट करायचा, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५० एमएमला १/८०, १८ एमएमला १/३०. चोवीस मेगापिक्सेलवर थरथर जास्त बारकाईनं उमटते, म्हणून जमलं तर मी याच्याही दुप्पट जलद घेतो. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझर असेल, म्हणजे कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस लिहिलेलं असेल, तर १८ एमएमवर स्थिर हातानं १/८ पर्यंतही उतरता येतं. फक्त बटण अर्धं दाबून क्षणभर थांबा. स्टॅबिलायझरला जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. लगेच दाबलं तर त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही.

पण स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरचा माणूस सावरत नाही. घाटावरच्या पणत्या आणि रांगोळी, माणूस नाही, तर १/१५ सुद्धा चालतं. गप्प बसलेला माणूस, १/६०. बोलणारा, हसणारा, हातवारे करणारा, १/१२५. चालणाऱ्याला १/२५०. जोर काढणाऱ्या पैलवानाला १/२५०, आणि खडाखडीतून झोंबी सुरू झाली की १/५०० च्या खाली मी जात नाही. हे माझ्या फोटोंवरून बसलेले आकडे आहेत. तुमचे थोडे वर-खाली होतील, पण सुरुवात इथून करा.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. शटर आणि ॲपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा. मॅन्युअलचा धसका असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटीत (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) जाऊन ऑटो आयएसओच्या मेनूत "किमान शटर" १/१२५ लावून टाका. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते.

आयएसओ ३२०० वर माझ्या जुन्या कॅमेऱ्यात दाणे दिसतात. ६४०० वर चांगलेच दिसतात. त्याच ६४०० चा फोटो आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटवर काढला की हातभर अंतरावरून कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट दाणे नकोत म्हणून आयएसओ १६०० वर काळपट फोटो काढून घरी तो उजळायला गेलात तर सावलीतून तितकेच दाणे वर येतात, कधी कधी जास्त. तेव्हा जागेवरच आयएसओ वाढवा. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. पिवळा बल्ब, पांढरा एलईडी आणि जाळ असा तिहेरी उजेड एका फोटोत येतो तेव्हा रंग नंतर सावरायला रॉ लागतोच.

पन्नासची लेन्स आणि दोन फुटांचं अंतर

१८-५५ लेन्स ५५ वर नेली की ती एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही. ५० एमएम एफ/१.८ त्याच ठिकाणी जवळजवळ दहापट उजेड आत घेते. काकांच्या त्या पहाटेचा हिशेब मी कितीतरी वेळा मांडलाय. तोच बल्ब, तोच जाळ, एफ/१.८ आणि आयएसओ ३२०० असतं तर १/८ च्या जागी १/३०० च्या आसपास शटर मिळालं असतं. त्यात ढवळणारे काकासुद्धा थांबले असते. नवी बॉडी घ्यायच्या आधी ही एक लेन्स घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. जागा अरुंद असेल तर ३५ एमएम एफ/१.८. जुन्या घरांच्या सोप्यात ५० घेऊन मागं सरायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट फुकट आहे. दिव्यापासून चेहरा दोन फुटांवर असेल आणि तो एक फुटावर आला, तर चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो. म्हणजे आयएसओ ६४०० चं काम १६०० वर येतं. दोन वर्षांपूर्वी घाटावर आमच्या गल्लीतली एक सात-आठ वर्षांची पोरगी पणत्या लावत होती. मी तिला एवढंच म्हणालो, "बाळ, वात विझायला लागलीय बघ, जरा वाकून नीट कर." ती वाकली. ज्योत तिच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर आली आणि तिच्या पापण्यांची सावली कपाळावर पडली. आयएसओ २००० आणि १/१२५. त्याआधीचे तिचे सगळे फोटो मी ६४०० वर काढत होतो आणि तरीही ते काळे येत होते.

म्हणून नव्या जागी गेल्यावर पहिली पाच मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि उजेड कुठून येतोय ते बघत हिंडा. खिद्रापूरच्या कोपेश्वराला गेलात तर हे डोळ्यांना लगेच कळेल. स्वर्गमंडपाच्या छताला गोल उघडी जागा आहे, तिथून उजेड सरळ खाली पडतो, आणि तिथून गाभाऱ्याकडं चार पावलं टाकली की अंधार दाट होत जातो. माणसाला त्या गोलाच्या कडेला उभं केलं तर आयएसओ ४०० पुरतं. तोच माणूस आत गेला की ६४०० लागतं.

हात, कोपर आणि नाडी

हा भाग सावकाश वाचा. यात पैसा लागत नाही, सराव लागतो.

डावा तळहात लेन्सच्या खाली, वरच्या बाजूला नाही. कॅमेऱ्याचं वजन त्या तळहातावर झोपलं पाहिजे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) भुवईला घट्ट लावलेला, म्हणजे दोन हात आणि कपाळ असे तीन आधार झाले. पडद्याकडं बघत हात लांब करून फोटो काढायची मोबाइलमुळं लागलेली सवय अंधारात पहिली सोडा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर नसेल तर पट्टा मानेत घालून कॅमेरा पुढं ढकला. पट्टा ताणला गेला की थरथर कमी होते. पाय खांद्याइतके फाकलेले, डावा किंचित पुढं.

मग श्वास. अर्धा श्वास सोडायचा, तिथं थांबायचं आणि बटणावर बोटाचा भार हळूहळू वाढवायचा. माझं दिवसभराचं काम मायक्रोमीटरनं कास्टिंग मोजायचं. मायक्रोमीटरच्या टोकाला रॅचेट असतो. तो बोटानं अलगद फिरवला की किट-किट वाजतो आणि माप खरं मिळतं. जोर लावला की माप खोटं येतं. शटरचं बटण तसंच आहे. त्याला टोचायचं नाही. बोट आधीपासून त्यावर टेकलेलं असावं आणि फोटो कधी निघाला हे आपल्यालाही जरा उशिरानं कळावं. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्या काळी फिल्म हातानं फिरवायची, म्हणजे हाताची लय बिघडली की उजेडाचं माप बिघडलं. खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेरा स्तंभ दिसला की माझी नजर आपसूक माझ्या हाताकडं जाते.

सलग चार-पाच फोटोंचा बर्स्ट लावा. पहिल्यात बोट दाबल्याचा हिसका असतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा. मधले दोन बहुतेक वेळा सगळ्यात शार्प निघतात. १/३० च्या खाली मी याशिवाय काढतच नाही.

टेकायला जे मिळेल ते घ्या. देवळाचा खांब, दुकानाची फळी, उभी असलेली मोटरसायकल. खांबाला खांदा टेकवा, कॅमेरा नव्हे. खाली बसलात तर कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड घसरतं. वाटीच्या पुढं, दंडाचं मांस येईल असं टेकवा. घाटाच्या पायऱ्यांसाठी मी अर्धा किलो तांदूळ कापडी पिशवीत शिवून घेतलाय. पायरीवर ठेवून त्यात कॅमेरा दाबून बसवला की हवा तसा कलतो आणि हलत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावला तर १/४ सुद्धा निघतं.

आणि नाडी. शिवाजी उद्यमनगरात नट-बोल्टच्या दुकानात पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट मागा. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचं भोक असतं त्यात तो बसतो. आत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त जाणार नाही एवढाच ठेवा, लांब बोल्ट आवळला तर बुडाची चकती फुटते. बोल्टला पायजम्याची मजबूत नाडी बांधा, दुसऱ्या टोकाला पाऊल मावेल असा फास करा. फासावर उभं राहायचं आणि कॅमेरा वर ओढून नाडी ताठ करायची. वर-खाली होणारी थरथर यानं लगेच बसते. मला ५० एमएमवर हातानं १/८० लागतं, नाडीवर १/२५ जमतं. घडी घालून खिशात राहते आणि कुणाच्या पायात येत नाही.

फोकस

एफ/१.८ वर, क्रॉप सेन्सरवर, पन्नासच्या लेन्सनं दीड मीटरवरचा चेहरा घेतला तर फोकसात जेमतेम सहा-सात सेंटिमीटर जाडीचा पट्टा येतो. डोळा पकडला तर कान सुटतो. तुम्ही किंवा तो माणूस इंचभर पुढं-मागं झाला तरी डोळा सुटू शकतो. म्हणून जवळच्या चेहऱ्याला मी एफ/२ किंवा २.२ वर येतो आणि तेवढा आयएसओ वाढवतो. थोडं मागं सरलात तरी पट्टा पटकन जाड होतो.

डीएसएलआरवर अंधारात मधला फोकस पॉइंट वापरा, तो बहुधा सगळ्यात संवेदनशील असतो. सपाट गालावर किंवा काळ्या केसांवर तो अडखळत राहतो. त्याला कड द्या: उजेडातला गाल आणि काळोख जिथं मिळतात ती रेघ, फेट्याची किनार, नथ, चष्म्याची दांडी. डोळ्याइतक्याच अंतरावरची कड निवडा. फोकस लागल्यावर कॅमेरा खूप वळवून चौकट बदलू नका, त्या वळण्यातच सहा सेंटिमीटर निघून जातात. थोडी मोकळी चौकट ठेवा आणि घरी कापा. फोकससाठी कॅमेरा जो छोटा दिवा पेटवतो तो मेनूतून बंद करा. समोरच्याच्या डोळ्यात तो भसकन जातो आणि क्षण निघून जातो.

ज्योतीचे फोटो काढताना कॅमेरा एकूण काळोख बघून अख्खा फोटो दिवसासारखा उजळायला बघतो. ज्योत पांढरी फटक होते आणि शटर विनाकारण खाली जातं किंवा आयएसओ विनाकारण वर जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे एक करा. ज्योतीचा रंग राहील, रात्र रात्रीसारखी दिसेल आणि शटर दुप्पट जलद मिळेल; शटर तुम्ही बांधून ठेवलं असेल तर आयएसओ निम्म्यावर येईल.

एलईडीचं एक लक्षात असू द्या. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही. १/५० किंवा १/१०० वर कॅमेऱ्यालाही दिसत नाही. १/२५० वर गेलात की एक फोटो पिवळट, दुसरा काळसर असं होऊ लागतं, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर तर फोटोभर आडवे पट्टे येतात. दुकानांच्या उजेडात मेकॅनिकल शटर ठेवा आणि शक्य असेल तर १/१०० वर राहा. गणपतीच्या मिरवणुकीत लेसर फिरत असेल तर कॅमेरा त्याच्या दिशेला करूच नका. लेसरचा झोत सेन्सर कायमचा जाळू शकतो, आणि डोळ्यांनाही तो तितकाच घातक आहे.

सराव कुठं करायचा

गंगावेशीचा दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. सरावाला याहून चांगली जागा मला माहीत नाही. म्हैस अर्धा-अर्धा मिनिट हलत नाही, तिच्यावर तुमच्या हाताची परीक्षा घ्या: १/८०, १/४०, १/२०, १/१०, प्रत्येकावर पाच फोटो. घरी बघा कुठं मोडायला लागतं. तो तुमच्या हाताचा आकडा, लिहून ठेवा. दूध पिणारा माणूस १/६० वर घ्या, आणि ग्लास ओठाला लागून तो थांबतो तेव्हा घ्या. दुधाची धार १/५०० शिवाय थांबत नाही. १/३० वर तिची पांढरी रेघ होते, तीही मला आवडते. आधी ग्लासभर दूध घ्या, मग विचारून फोटो काढा.

थांबण्याचा हा क्षण तालमीत सगळ्यात नीट शिकता येतो. जोर काढताना पैलवान खाली जातो, छाती मातीला लागता लागता वर येतो. दिशा बदलते तिथं, तळाला आणि वर, शरीर क्षणभर थांबतं. मधल्या वेगात कधी कधी १/२५० सुद्धा अपुरं पडतं, टोकाला १/१२५ सुद्धा पुरतं. झोंबीतही दोघं एकमेकांच्या मानेला हात लावून जोर तोलत उभे राहतात, तेव्हा तट्ट फुगलेल्या दंडावर मातीचा कण न कण दिसतो. मी आधी दहा मिनिटं नुसता बघत बसतो आणि मनातल्या मनात मोजतो. लय कळली की बटण थोडं आधी दाबायचं, कारण बोटाला उशीर होतोच.

तालमीत पहिल्यांदा गेलो तेव्हा वस्ताद म्हणाले, "काढा की फोटो, पण चपला भाईर काढा आणि पोरांस्नी थांबवू नगा." मी ते दोन्ही नियम सगळीकडं पाळतो. फ्लॅश लावत नाही. जिथं फोटोला मनाई आहे तिथं कॅमेरा पिशवीबाहेर काढत नाही.

वाफ

हिवाळ्यात पहाटे थंडीतून गुऱ्हाळाच्या छपराखाली शिरलात की लेन्सवर दव धरतं. पुसलं तरी परत धरतं. कॅमेरा पिशवीतच, चेन लावून, वीस-पंचवीस मिनिटं आत ठेवा. तो हळूहळू गरम झाला की दव धरत नाही. वाफेतून ऑटोफोकस वेडा होतो, वाफेवरच अडकतो. अशा वेळी मी माणसाच्या जागेवर एकदा फोकस लावून लेन्सचा स्विच मॅन्युअलवर टाकतो आणि वाऱ्याची झुळूक यायची वाट बघतो. झुळूक आली की दोन-तीन सेकंद पडदा फाटतो.

मागच्या जानेवारीत काकांचा थोरला मुलगा काहिलीवर होता. आता तोच गुळव्या. छपराखाली बल्ब जाऊन एलईडीची नळी आलीय, जाळ तोच. मेढीला खांदा टेकवला, पन्नासची लेन्स, एफ/२, १/१००, आयएसओ ३२००. तो मधूनच ओरडला, "आरं मागं सर की, वाफ लागंल तोंडाला!" मी अर्धं पाऊल मागं सरलो, परत फोकस लावला. वाडग्यातल्या पाण्यात पाक पडला, त्यानं बोटं घातली, गोळी वळली आणि चिमटीत धरून उजेडाकडं केली. मी पाच फोटो घेतले. तिसरा शार्प आहे. त्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना पांढरा डाग आहे, तो दिसतो, आणि गोळीवरून ओघळलेला पाण्याचा थेंबही दिसतो. दोन्ही फोटो आठ-बारात काढून एकाखाली एक लावलेत. चिमूट धरायची तऱ्हा बापाचीच आहे.